निंबावरचे लाल कार्ड

बऱ्हाणपूरच्या कचेरीच्या भिंतीलगत बसणाऱ्या आमच्या ओळीत आज सकाळपासून वीज नाही. झेरॉक्सवाल्याचा जनरेटर दोन आचके देऊन गप्प झाला, तेव्हा गावातल्या लालबाग भागातून एक कारागीर आला आणि माझ्या टेबलापासून चार हातांवर, निंबाच्या सावलीत, त्याने त्या यंत्राचे पोट उघडले. रॉकेलने धुतलेले लोखंड, जळून काळे पडलेले तेल आणि त्या तेलाने जड झालेल्या चिंध्या, या तिघांचा मिळून एक वास होतो. तो अत्तरासारखा उडून जात नाही. ओल्या घोंगडीसारखा अंगावर येऊन बसतो. समोर एक वृद्ध बाई जमिनीच्या फेरफाराचे कागद मांडीवर घेऊन बसली होती, अर्जाची पहिली ओळ कागदावर उतरलीही होती. पण त्या वासाने माझे पेन जागच्या जागी थबकले.

कारागिराने झाकण बसवले, नट आवळले, कोपराने कपाळ पुसले आणि दोरी ओढण्यासाठी पाय रोवला. मला राहवले नाही. "चिंध्या मोजल्या का?" मी विचारले.

"काय मोजल्या?"

"चिंध्या. आत किती नेल्या आणि बाहेर किती आल्या."

"बाबूजी, जनरेटर आहे हा. जहाज थोडीच आहे!" तो म्हणाला, आणि ओळीतले तिघेचौघे मनमुराद हसले. माझे हे खूळ आता सर्वांना ठाऊक झाले आहे. स्टॅम्पविक्रेता चहाचा पेला खाली ठेवत म्हणाला, "मोज बाबा, मोज. नाहीतर बाबूजी तुला स्टार्ट करू देणार नाहीत." केवळ माझे मन राखायचे म्हणून कारागीर वाकला. पंख्याच्या जाळीमागे हात घालून त्याने काहीतरी चाचपले, आणि दोन बोटांच्या चिमटीत एक काळी चिंधी बाहेर आली. कोणी हसले नाही. त्याने ती माझ्याकडे न बघता खिशात कोंबली आणि मग दोरी ओढली.

मी अर्जनवीस आहे. शाळा नववीत सुटली. पण या जिल्ह्यात असा एकही विभाग नसेल, जिथल्या साहेबाच्या टेबलावर माझे अक्षर पोहोचले नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. माझ्या अर्जाला एक घडण असते. आरंभी साहेबाच्या पदाला शोभेल असे संबोधन, मग विनयाची एक ओळ, मग हकिगत, मग मागणे आणि शेवटी पुन्हा विनय. हकिगत आणि मागणे कोणालाही लिहिता येते. अर्ज तरतो तो विनयावर, अशी माझी वर्षानुवर्षांची समजूत होती. साहेब हाही माणूसच. त्याला आधी मोठे करावे, आपण आधी लहान व्हावे, म्हणजे त्याचा हात सहीकडे वळतो. म्हणून माझ्या प्रत्येक अर्जात, मग तो रेशनकार्डाचा असो की शेताच्या वाटेचा, मी एक वाक्य हमखास घालीत असे. या प्रांतातले अर्ज हिंदीत होतात, म्हणून ते वाक्यही हिंदीतच: 'प्रार्थी से जो भूल हुई है, उसके लिए वह क्षमाप्रार्थी है.' भूल झालेली असो वा नसो. हे वाक्य मला माझ्या गुरूंनी दिले होते, त्यांना त्यांच्या गुरूंनी. आणि ज्याचे काम अडले आहे त्याने आधी हात जोडावेत, यात कोणालाच कधी काही वावगे वाटले नव्हते.

ज्याने मला चिंध्या मोजायला शिकवले, तो नेपानगरचा फिटर होता. त्याचे वडील जळगावकडून कागदाच्या कारखान्यात नोकरीला आले, तिथल्याच वसाहतीत हा जन्मला, तिथेच लगद्याच्या आणि वाफेच्या वासात वाढला आणि वयात आल्यावर त्याच कारखान्यातल्या नळ्या, पंप आणि बॉयलरची दुरुस्ती करू लागला. पुढे कारखान्याचा जोर ओसरला. हाताला काम राहिले नाही, तेव्हा कोणीतरी त्याला सांगितले की जहाजांच्या इंजिनघरात असल्याच हातांना मागणी असते. त्याच्या रहिवासी दाखल्याचा अर्ज मी लिहिला, चारित्र्याच्या दाखल्याचा मी लिहिला, आणि ज्या दिवशी त्याचा पासपोर्ट आला त्या दिवशी त्याने आधी घरी न जाता तो माझ्या टेबलावर आणून ठेवला. "बाबूजी, पहिला मान तुमचा," तो म्हणाला. तो मोठ्याने बोलत असे. आमच्या बऱ्हाणपुरात यंत्रमागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेली माणसे अशीच बोलतात, समोरचा हातभर अंतरावर असला तरी नदीपलीकडच्याला हाक मारल्यासारखी. त्याच्या आवाजात मात्र कर्कशपणा नव्हता. जाड भिंतीआडून येणाऱ्या आवाजासारखा एक घुमारा होता.

तो सहा-आठ महिने जहाजावर असे, मग दोन-तीन महिने घरी. जाताना डब्यात दराबा, ही आमच्याकडची तुपासाखरेची मऊ मिठाई, भरून नेई आणि परतल्यावर सांगे की तो सातव्या दिवशीच संपला, कारण नाना देशांची माणसे त्यात बोटे घालतात. समुद्र मी पाहिलेला नव्हता. तापीवरच्या राजघाटाच्या पायऱ्यांवर बसून मी एकदा त्याला विचारले की समुद्र दिसतो तरी कसा. त्याने नदीकडे पाहिले आणि म्हणाला, "मला काय ठाऊक, बाबूजी? मी तर खालीच असतो. पाण्याच्या पातळीखाली. खिडकी नाही, दिवस नाही. फक्त इंजिन." मग हसून त्याने नदीकडे बोट दाखवले. "पण हिला ठाऊक असेल. ही माझ्याआधी ड्युटीवर पोचते." तेव्हापासून पुलावरून जाताना मला तापी वेगळीच दिसू लागली. आपल्या गावाखालून मुकाट वाहणारे हे पाणी शेवटी कोणत्या दाराशी जाऊन उभे राहते, याचा विचार आपण किती कमी करतो!

इंजिनघराविषयी तो बोलू लागला म्हणजे मला एखाद्या देवळातल्या नित्यपूजेचे वर्णन ऐकल्यासारखे वाटे. काम सुरू कसे करायचे यापेक्षा ते संपवायचे कसे, याचे त्याला अधिक अगत्य होते. "उघडायला कोणालाही येतं, बाबूजी. बंद करणं हीच कारागिरी." ज्या नळीवर काम करायचे तिचा व्हॉल्व्ह आधी बंद करायचा, त्याला साखळी घालायची, कुलूप लावायचे आणि त्या साखळीला, आत हात घालणाऱ्या प्रत्येक माणसाने, आपापल्या नावाचे लाल कार्ड अडकवायचे. काम झाले की फळ्यापाशी यायचे. त्या फळ्यावर प्रत्येक पान्याची, प्रत्येक हातोड्याची बाह्याकृती रंगवलेली असते. पाना जागेवर नसला तर त्याची रिकामी आकृती दातांच्या फटीसारखी दिसते. आधी पाने मोजायचे. मग चिंध्या मोजायच्या, कारण पंपात राहिलेली एक चिंधी अख्ख्या इंजिनाचा गळा आवळू शकते. मग माणसे मोजायची. आणि सर्वांत शेवटी ज्याने त्याने आपले लाल कार्ड आपल्या हाताने काढायचे. "दुसऱ्याचं कार्ड दुसऱ्यानं काढायचं नाही. कॅप्टन असला तरी नाही. कार्ड लटकतंय म्हणजे माणूस आत आहे." शेवटचे कार्ड निघाले की मग कागद; काम सुरक्षितपणे पूर्ण झाले, असे लिहिलेला कागद, त्यावर सही, आणि त्यानंतरच व्हॉल्व्ह उघडायचा.

ही शिस्त त्याच्या हाडांत इतकी मुरली होती की माझ्या टेबलावरून उठतानाही तो नकळत मोजणी करी. "पेन आहे, चष्मा आहे, शाईच्या गादीचं झाकण... बाबूजी, झाकण कुठं?" आणि ते हमखास माझ्या मांडीखाली सापडे. मला त्याची गंमत वाटे, थोडा रागही येई. माझी पद्धत अगदी उलटी होती. गर्दीच्या दिवशी मी कोऱ्या कागदावर आधी अंगठे घेऊन ठेवीत असे आणि मजकूर सवडीने लिहीत असे. लोक परगावचे, त्यांना बस गाठायची असते. एकदा त्याने ते पाहिले. बहादरपूरचा एक केळी-बागाईतदार अंगठा उठवून निघून गेला होता आणि कोरा कागद माझ्यासमोर पडला होता. त्या कागदाकडे पाहून तो म्हणाला, "बाबूजी, हे तर काम व्हायच्या आधीच कार्ड काढल्यासारखं झालं." मी त्याला म्हणालो, "मिस्त्री, तुमचं लोखंडाचं काम आहे. माझं माणसांचं आहे. यात फरक असतो." तो काही बोलला नाही. त्याच्या त्या गप्प बसण्यात माझ्याविषयीचा आदर होता, हे मला तेव्हाही कळले होते. आदर कधीकधी माणसाला सावध करण्याऐवजी आंधळा करतो. ज्याला तो मिळतो त्याला तर हमखास.

मग एका खेपेला तो ठरल्याआधीच परत आला. दराब्याचा डबा जसा नेला तसा परत आणला होता, झाकणही उघडलेले नव्हते. माझ्या टेबलासमोरच्या बाकावर तो बसला आणि प्रथमच इतक्या हळू बोलू लागला की मला पुढे वाकावे लागले.

जहाज एका बंदरात लागले होते. घट्ट इंधन पातळ करण्यासाठी जी वाफ खेळवतात, तिच्या नळीचा एक सांधा गळत होता. तो सांधा उघडून नवा बसवण्याचे काम याच्याकडे आणि एका ऑइलरकडे, म्हणजे यंत्रांना तेलपाणी करणाऱ्या माणसाकडे, सोपवले होते. ऑइलर कोकणातला, दोन मुलींचा बाप. दोघांनी व्हॉल्व्ह बंद केला, कुलूप लावले, दोन लाल कार्डे अडकवली. सांधा बसला. फळ्यापाशी येऊन पाने मोजले तर एक आकृती रिकामी! ऑइलर म्हणाला, "पाना तिथंच राहिला, दादा, आणि शेवटचे दोन नटही हातानेच लावलेत. मीच आवळून येतो." तो परत आत, त्या सांध्यापाशी गेला. याने आपले कार्ड काढले नाही. दोन्ही कार्डे लटकत होती. तेवढ्यात इंजिनीअर आला. जहाज सोडण्याची वेळ झाली होती, वरून फोन खणखणत होते. त्याने पूर्ततेचा कागद पुढे केला आणि म्हणाला, सही कर. हा म्हणाला, माणूस आत आहे. इंजिनीअर म्हणाला, तो बाहेर आला, मी पाहिला. हा म्हणाला, मग त्याला त्याचं कार्ड काढू द्या. इंजिनीअरने याच्याकडे एकदा पाहिले, दोन्ही कार्डे स्वतःच्या हाताने ओढून काढली, आपल्याजवळच्या किल्लीने कुलूप उघडले आणि व्हॉल्व्ह फिरवला.

"मी ओरडलो, बाबूजी," तो म्हणाला. "पण तिथं ओरडणं ऐकू कुठं येतं?"

ऑइलर वाचला. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत आणि मानेची एक बाजू वाफेने सोलवटून निघाली होती. त्याला त्याच बंदरात उतरवले आणि पुढे त्याच्या गावी पाठवले. याचा करार मधेच तोडून यालाही घरी धाडले. आता कंपनीच्या मुंबईच्या कचेरीने लेखी जबाब मागितला होता. त्यावरूनच ठरणार होते की याला पुन्हा जहाजावर घ्यायचे की नाही. पूर्ततेच्या कागदावर याच्या सहीची जागा कोरी होती. तोच याचा पुरावा. खिशातून त्याने काहीतरी काढून टेबलावर ठेवले. कोपरा दुमडलेले, तेलाचे डाग पडलेले, त्याच्या नावाचे लाल कार्ड. इंजिनीअरने जमिनीवर फेकलेल्या दोन कार्डांपैकी त्याने आपले उचलून आणले होते.

"जे घडलं तेवढंच लिहा," तो म्हणाला. "एक अक्षर जास्त नको."

तो जबाब मी आयुष्यातल्या कुठल्याही अर्जापेक्षा अधिक मन लावून लिहिला, हे मला आज सांगावेसे वाटते. त्याने काही बदलत नाही तरीही. व्हॉल्व्ह, साखळी, फळा, दोन कार्डे, कोरी राहिलेली सही, सारे यथाक्रम उतरले. आणि मग, जसा वर्षानुवर्षे हात वळत आला तसा तो याही वेळी वळला. मी लिहिले: 'प्रार्थी से जो भूल हुई है, उसके लिए वह क्षमाप्रार्थी है.' वाचून दाखवू लागलो तेव्हा त्या ओळीशी त्याने मला थांबवले.

"बाबूजी, यात माझी गलती आहे का?"

"नाही."

"मग माफी कशाची?"

"मिस्त्री, असंच लिहावं लागतं. मोठी कंपनी आहे. साहेबाला आधी मोठं करायचं, मग आपलं म्हणणं मांडायचं. ताठ मानेनं लिहिलेला अर्ज पहिल्याच टेबलावर अडकतो. मी काय आजचा आहे का?"

त्याने पेन हातात घेतले. मग म्हणाला, "तुम्ही म्हणता तर ठीकच असेल," आणि त्याने सही केली. सुवाच्य, सावकाश, प्रत्येक अक्षर आवळून बसवलेली सही.

जबाब इंग्रजीत हवा होता. ओळीच्या टोकाला कॉम्प्युटरचे दुकान चालवणारी एक मुलगी आहे, बी.ए. झालेली, अशी कामे तीच करते. ती भराभर टंकत गेली आणि त्या ओळीपाशी तिचे हात थांबले. "काका, ये लाइन भी डालूँ? इन्होंने तो गलती की ही नहीं ना." आज वाटते, दैवाने मला त्या दिवशी एक सोडून दोन जणांच्या तोंडून हटकले होते. मी तिला म्हणालो, "डालो बेटा. तुम्हें अनुभव नहीं है." तिने मान खाली घातली आणि ती ओळ घातली. इंग्रजीत ती बरीच लहान झाली होती, असे मला पडद्यावर पाहून वाटले. हिंदीतली सारी लवून उभी राहण्याची ढब तिकडे गळून गेली असावी. उरली ती नुसती कबुली. त्याने त्याखालीही सही केली.

उत्तर आले ते चार ओळींचे. ते याच मुलीने वाचून सांगितले, आम्ही दोघे तिच्या मागे उभे होतो. "लिखा है कि काम की ज़िम्मेदारी आपकी थी, और आपने खुद लिखकर अपनी भूल मानी है. इसलिए अब आपको किसी जहाज़ पर नहीं भेज सकते." तिने मागे वळून पाहिले नाही. मलाही वळून पाहण्याचा धीर झाला नाही. वाफेच्या नळीसमोर, वरून फोन खणखणत असताना, अधिकाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून जी सही त्याने दिली नाही, ती मी त्याच्याकडून निंबाच्या सावलीत, गोड बोलून करवून घेतली होती. इंजिनीअरला जे जमले नाही ते मला जमले. दुसऱ्याचे कार्ड मी काढले होते.

दोन दिवसांनी त्या ऑइलरचा फोन आला तेव्हा मिस्त्री माझ्याजवळच बसला होता. फोनमधला आवाज मोठा होता, मला स्पष्ट ऐकू येत होता. "दादा, तुम्ही चूक कबूल केलीत म्हणे? भरपाई मागितली तर कंपनीवाले मला तोच कागद दाखवतायत. कुणी धाक घातला का तुम्हाला?" याने माझ्याकडे पाहिले. एका शब्दाने तो माझे नाव सांगू शकला असता. "नाही रे," तो म्हणाला, "लिहिताना तसं झालं." मग त्याने हाताची विचारपूस केली, मुलींची केली आणि फोन खिशात ठेवला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, बाबूजी. तुम्ही चांगलंच लिहिलं होतं." त्याने मला चार शिव्या हासडल्या असत्या, तर त्या मी आजवर जपून ठेवल्या असत्या. हे वाक्य मात्र मला कुठे ठेवावे ते कळत नाही.

मी स्वस्थ बसलो नाही. पूर्वीचा मजकूर अर्जनवीसाच्या लेखनपद्धतीमुळे आला असून तो रद्द समजावा, असा दुसरा अर्ज केला. त्याला उत्तर आले की दिलेला जबाब नोंदीत घेतला गेला आहे. तिसऱ्याला उत्तरच आले नाही. तेव्हा इस्त्रीचे कपडे घालून, त्याला सोबत घेऊन मी मुंबईला गेलो. माझ्या शब्दाला आमच्या कचेरीत वजन आहे. ते तिथेही थोडेफार असेल असे मला वाटले होते. काचेपलीकडच्या बाईने माझे सारे बोलणे शांतपणे ऐकून घेतले. वाईट माणूस नव्हती ती. "काका, ती ओळ तुम्ही लिहिलीत हे मी मानते," ती म्हणाली, "पण खाली सही कोणाची आहे?" आयुष्यभर मीही लोकांना हेच सांगत आलो होतो, की कागदावर शेवटी सही बोलते. बाहेर आल्यावर त्याने मला टॅक्सीतून समुद्र दाखवला. वयाच्या पन्नाशीत मी तो प्रथम पाहिला. करडा होता, अफाट होता आणि त्याला आमच्याशी काही कर्तव्य नव्हते. "बघा बाबूजी," तो म्हणाला, "वरून असा दिसतो." त्याच्या आवाजातला घुमारा गेला होता.

परत आल्यावर तो एकदाच टेबलाशी आला. खिशातून ते लाल कार्ड काढले, निंबाच्या बुंध्यात माझी पिशवी अडकवण्यासाठी एक खिळा आहे त्याला ते अडकवले आणि म्हणाला, "काम बाकी आहे ना अजून. राहू द्या हे इथं. मी लावलंय, मीच काढीन." त्यानंतर मी आणखी पाच अर्ज केले, निरनिराळ्या खात्यांना, एकाहून एक सरळ आणि विनयाचा एकही शब्द नसलेले. एकाचेही उत्तर आले नाही. तो नेपानगरात विहिरीवरचे पंप दुरुस्त करू लागला. या बाजूला येत नाही. त्याची पत्नी मध्यंतरी रेशनकार्डाच्या कामासाठी आली होती. मी त्याची खुशाली विचारली, तेव्हा ती पदराशी चाळा करीत म्हणाली, "बरे आहेत. रात्री झोपेत मोजतात कधीकधी. मी म्हणते, अहो, काय मोजता? तर म्हणतात, एक कमी पडतोय."

मी आता कोऱ्या कागदावर अंगठा घेत नाही आणि ती ओळ लिहीत नाही. तुम्हाला वाटेल, निदान एवढे तरी भले झाले. पण लोक ती मागून घेतात! आज समोर बसलेल्या वृद्ध बाईलाच मी अर्ज वाचून दाखवला, तर ती व्याकूळ झाली. "बाबूजी, माफीचं नाही लिहिलं?"

"आजी, तुमची चूकच नाही. पटवाऱ्याची आहे."

"असू दे बाप्पा. पण माफीचं लिहा. त्याशिवाय साहेब बघणार नाही." तिने हात जोडले. मी नाही म्हणालो, पुन्हा समजावले. अखेरीस ती कागद उचलून शेजारच्या टेबलाकडे गेली, आणि शेजारच्याने तिला माफीची ओळ लिहून दिली. ती समाधानाने आत गेली. तिथे तिचे काय होईल, हे मला येथून दिसत नाही.

पुढच्या महिन्यात आमची ही ओळ इथून उठते आहे. कचेरी नव्या इमारतीत जाणार, तिथे आम्हाला छपराखाली जागा देणार म्हणतात. ज्याने त्याने आपल्या सामानाची यादी द्यायची आहे. टेबल, दोन बाक, लोखंडी पेटी, शाईची गादी, तिचे झाकण, असे सारे मी लिहिले आणि खिळ्यापाशी येऊन अडलो. गेल्या रविवारी मी नेपानगरला गेलो. तो अंगणात एका पंपापुढे उकिडवा बसला होता. मला पाहून लगबगीने उठला, हात पुसले, पाटावर बसवले, चहा सांगितला. कचेरी हलते आहे हे मी त्याला सांगितले. म्हणालो, "मिस्त्री, एकदा या आणि ते कार्ड काढून घ्या. तुमच्याशिवाय दुसरा कोणी काढू शकत नाही."

त्याने मला विचारले, "बाबूजी, काम झालं का?"

मी म्हणालो, "नाही."

"मग कसं काढू?" तो म्हणाला. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. सरळ नियम सांगितल्यासारखे त्याने ते सांगितले आणि पुन्हा पंपाकडे वळला. मी उठलो तेव्हा त्याने सवयीने माझ्या जागेवर नजर टाकली आणि म्हणाला, "चष्मा राहिला, बाबूजी."

जनरेटर आता नीट चालतो आहे. त्याच्या घरघरीने निंबाचा बुंधा अगदी बारीक थरथरतो आणि त्याबरोबर ते कार्डही. लाल रंग उन्हाने विटून फिकट गुलाबी झाला आहे. नाव ज्याला आधी ठाऊक असेल त्यालाच वाचता येईल. झाडाला या सगळ्याचे काही नाही. त्याने खिळ्याभोवती आपली साल हळूहळू वाढवत आणली आहे. खिळ्याचे डोके जेमतेम बोटाला लागते, आणि कार्डाची वरची कड सालीत शिरू लागली आहे. आणखी काही वर्षांनी ते कोणालाच काढता येणार नाही, ज्याचे आहे त्यालाही नाही. मी यादी पूर्ण करून दिली. कार्ड तिच्यात लिहिले नाही. आम्ही सारे इथून जाऊ, ही जागा मोकळी होईल. कार्ड लटकतच असेल, आणि तरी कोणी येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटेल की या झाडाखाली आता कोणी नाही.